गॉगल काढायचा नाही

"मैदानात गॉगल काढायचा नाही," मित्सुए म्हणाली. सकाळपासून हे वाक्य ती चौथ्यांदा बोलत होती आणि अजून नऊ वाजायचे होते.

समोर बाकांवर एकतीस माणसं बसली होती. जेवणाचे प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागाची ही वार्षिक सहल. सगळ्यांनी भाड्याचे लष्करी कपडे चढवले होते, कुणाचे गुडघ्यापर्यंत येत होते तर कुणाचे पायात अडकत होते. त्यातल्या तिसांची नजर मित्सुएकडे नव्हतीच. ती पहिल्या बाकावरच्या एकतिसाव्या माणसाकडे होती. ते विभागप्रमुख कुसाकाबे. ते मान हलवत तेव्हा मागे तीस माना हलत. त्यांनी घड्याळात बघितलं की तीस मनगटं वर येत.

मित्सुए किकुमा हे मैदान अकरा वर्षं चालवत होती. चिबा प्रांतातल्या भुईमुगाच्या शेतांमध्ये बांबू आणि देवदारांचा एक जुना पट्टा, भोवती उंच जाळी, आत टायरांच्या भिंती, पत्र्याच्या चार खोल्या आणि मधोमध एक मचाण. रविवारी दोन संघ यायचे, खेळातल्या बंदुकांनी दिवसभर एकमेकांवर छर्रे झाडायचे आणि संध्याकाळी हसत घरी जायचे. आले तेवढे डोळे परत गेले पाहिजेत, एवढंच आपलं काम आहे असं ती समजत असे.

तिनं टेबलावरची बंदूक उचलली.

"ही दिसायला खऱ्यासारखी आहे, म्हणून बाहेर कुठे उघडी दिसता कामा नये. स्टेशनवर नाही, गाडीच्या मागच्या सीटवर नाही. पिशवीत घालायची, चेन लावायची. मागे एकजण खांद्याला लटकवून दुकानात कॉफी आणायला गेला. पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. कॉफी गार झाली."

कुणी हसलं नाही. मग कुसाकाबे हसले आणि सगळे हसले.

"यातून सहा मिलिमीटरचा छर्रा सुटतो," मित्सुए पुढे म्हणाली. "वजन एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा. मातीत विरणाराच छर्रा वापरायचा, कारण जमीन शेतकऱ्याची आहे. जोर एका ज्यूलच्या आत पाहिजे, तसा कायदाच आहे. प्रत्येक बंदुकीचा वेग सकाळी मोजलाय. जिच्यावर पिवळी पट्टी नाही ती आत येणार नाही. छर्रा हातावर बसला तर चिमटा काढल्यासारखं होतं. जाड कपड्यावर बसला तर कळतही नाही. डोळ्यावर बसला तर डोळा जातो. मधलं काही नाही."

"मी गुआमच्या सहलीत खरी बंदूक चालवलीय," कुसाकाबे मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले. "पंचवीस मीटरवरून. या म्हणजे अगदी खेळणी."

"ओऽऽ," तीस जण म्हणाले.

"खेळणीच आहेत," मित्सुए म्हणाली. "खेळणं म्हटलं की माणूस काळजी घेत नाही, म्हणून सांगतेय. खेळ संपला की मॅगझिन काढायचं, बाहेर ती वाळूची पेटी आहे, तिच्यात एक रिकामा बार उडवायचा, मगच सेफ्टीचा खटका लावायचा. मॅगझिन काढलं तरी नळीत एक छर्रा उरतो. दर वेळी उरतो. त्यानंतरच जाळीच्या बाहेर यायचं, आणि बाहेर आल्यावर गॉगल काढायचा. आधी नाही."

पुढचा नियम सांगताना तिचा आवाज नेहमी जरा खाली येत असे, कारण हाच नियम लोक सगळ्यात कमी ऐकत.

"छर्रा लागला की हात वर करायचा, मोठ्यानं 'हिट' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. इथे रंग उडत नाही, खूण राहत नाही. लागलं की नाही ते ज्याला लागलं त्यालाच माहीत. लागूनही गप्प राहतो त्याला आम्ही झोंबी म्हणतो. मेलाय, पण फिरतोय. आणि शेवटचं. आत कुणाचे डोळे उघडे दिसले तर जो बघेल त्यानं 'गॉगल' म्हणून ओरडायचं. कोण आहे ते बघायचं नाही. ओरडा ऐकला की सगळ्यांनी बंदुका खाली करायच्या. काही शंका?"

तीस जणांनी कुसाकाबेंकडे पाहिलं. कुसाकाबेंना शंका नव्हती.

मित्सुएनं मचाणाकडे बघितलं. तिथे घडीच्या खुर्चीत शिओदा बसले होते. वय ऐंशी, डोक्यावर गवताची टोपी, डोळ्यांवर भाड्याचा मोठा गॉगल, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी. जमीन त्यांची. तीन वर्षांचा करार महिनाअखेरीला संपत होता. कराराचा कागद आणि शिक्का त्यांच्या खिशात होता, आणि तो उमटेल की नाही हे आज ठरायचं होतं.

प्रकरण जानेवारीतलं. एका मंडळाचा वयस्कर प्रमुख टायरांच्या भिंतीमागे उभा राहून धुकं धरलेला गॉगल वर करून पुसत होता. त्याला छर्रा लागला. दोन महिन्यांनी डोळा बरा झाला, पण त्या दिवशी रुग्णवाहिका आली आणि शेतातल्या अरुंद रस्त्यावर तिला समोरून शिओदांचा ट्रॅक्टर आडवा आला. कानात भोंगा वाजत असताना म्हाताऱ्यानं चारशे मीटर ट्रॅक्टर मागे घेतला. संध्याकाळी ते मित्सुएकडे आले आणि एवढंच विचारलं, "किती जणांनी बघितलं?"

तिनं चौकशी करून ठेवली होती. "पाच."

"मग एकही ओरडला का नाही?"

 उत्तर तिला माहीत होतं, पण सांगायची लाज वाटली. प्रमुखांना कसं ओरडायचं, असं पाचही जण म्हणाले होते.

मागच्या आठवड्यात शिओदांनी आपली अट सांगितली. "तुमची नियमावली मला वाचायची नाही. रविवारी येऊन बसतो. कुणी गॉगल काढला आणि बघणारा ओरडला, तर शिक्का. नाहीतर पुढल्या वर्षी इथे भुईमूग."

"आणि दिवसभर कुणी काढलाच नाही तर?"

"काढतील," शिओदा म्हणाले. "माणसं आहेत."

आणि नेमक्या त्याच रविवारी ही मंडळी आली होती.

पहिला खेळ साडेनऊला सुरू झाला. मित्सुए पिवळं जाकीट घालून मधल्या वाटेवर उभी राहिली. पलीकडच्या टोकाला तिचा सहकारी ओकुदाइरा होता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही "कृपया धक्का लागणार नाही अशा बेतानं पुढे सरका" असल्या भाषेत सूचना देत असे.

कुसाकाबे पत्र्याच्या खोलीमागून बाहेर आले. त्यांनी बंदूक कमरेपाशी धरून बांबूंच्या दिशेनं झाडली. छर्रे कुठल्या कुठे वर गेले, पानांतून टपटप खाली पडले.

"हिट!" बांबूंमागून एकजण हात वर करून उठला.

"हिट!" दुसरा.

"हिट! छान नेम, साहेब!" तिसरा. हा तर कुसाकाबेंच्या पाठीमागे होता.

मित्सुएनं डोळे मिटले, परत उघडले. चौथी एक बाई टायरांमागून बंदूक डोक्यावर धरून निघाली. तिच्या आसपास दहा मीटरवर छर्रा फिरकला नव्हता.

"अहो, तुम्हाला लागलं?" मित्सुएनं तिला अडवून विचारलं.

"लागलं असेल," बाई म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"साहेबांनी इकडे रोखली होती."

वरून शेंगेचं टरफल मित्सुएच्या खांद्यावर पडलं. "मित्सुएसान," शिओदा मचाणावरून वाकून म्हणाले, "कबूल न करणारे ऐकले होते. न लागता कबूल करणारे आज बघितले. यांना काय म्हणता?"

"यांच्यासाठी शब्द नाही," ती म्हणाली. "आजवर गरज पडली नव्हती."

तेवढ्यात झाडावर चढून बसलेल्या कुणाचा तरी हात चुकून चापावर पडला असावा. एक छर्रा कुसाकाबेंच्या हेल्मेटवर टक्कन वाजला. मचाणापर्यंत ऐकू आला. मैदानातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"फांदी," कुसाकाबे म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मित्सुएनं कपाळाला हात लावला. एका बाजूला झोंबी, दुसऱ्या बाजूला बिनगोळीचे मुडदे, आणि मधे आपण पंच.

दुसऱ्या खेळात व्हायचं ते झालं. ऑक्टोबर संपत आला होता, हवा गार आणि अंगात घाम. कुसाकाबे धावत येऊन देवदाराला टेकले, आणि त्यांनी गॉगल सरळ कपाळावर चढवून रुमाल काढला. त्यांच्या बाजूला दोघेजण होते, आणि जरा मागे एक तरुण मुलगी. एकानं खाली बघितलं. दुसऱ्यानं बुटाची नाडी बांधायला घेतली, जी बांधलेलीच होती.

"गॉगल!" मित्सुए ओरडली आणि शिट्टी फुंकली. "सगळे थांबा! बंदुका खाली!"

"एक सेकंद हो," कुसाकाबे पुसत पुसत म्हणाले. "धुकं धरतंय. दिसतच नाही काही."

"आधी खाली घ्या. दिसत नसेल तर हात वर करून डोळे झाकायचे आणि चाचपडत बाहेर यायचं. मी येऊन धरून नेते. नव्वदीच्या आजीला नेते तसं नेते. पण काढायचा नाही."

"गोळीबार तर थांबलाच होता या बाजूला."

"तुमच्या बाजूला थांबला होता. त्यांच्या बाजूला कुणी सांगितलं होतं?"

ती त्यांना बाहेर घेऊन गेली आणि कपाटातून पंखेवाला गॉगल काढून दिला. वर बारीक मोटर, आत हवा खेळती, धुकं धरत नाही. कुसाकाबेंनी तो उलटसुलट करून बघितला. "हा घालून बेडकासारखा दिसतो माणूस. कंपनीच्या अंकासाठी फोटो काढतायत आज."

"दोन्ही डोळे फोटोत छान येतील," मित्सुए म्हणाली.

ते हसले, तीस जण हसले, आणि पंखेवाला गॉगल टेबलावरच राहिला. पुन्हा काढलात तर आजच्यापुरतं तुम्हाला मैदान बंद, हे तिनं त्यांना दोनदा बजावलं. त्यांनी दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं.

तिनं मचाणाकडे पाहिलं. शिओदांनी मान हलवली. "तुम्ही ओरडलात," ते म्हणाले. "तुमचं पोट आहे त्यावर. तुमचं धरत नाही."

दुपारी जेवण आलं. मित्सुएनं नेहमीच्या दुकानातून डबे मागवले होते आणि हे कुठल्या कंपनीचे लोक आहेत याचा तिला विसर पडला होता. एकतीस जणांनी भाताला हात लावण्याआधी डबे उलटे करून तळाचा छाप बघितला. प्रतिस्पर्ध्याचा निघाला. एकाच्या डब्यातला सॉस तर बघता बघता मांडीवर सांडला. मग झाकणाची पकड कशी ढिली आहे यावर कुसाकाबे दहा मिनिटं बोलले. नियम सांगितले तेव्हा या लोकांनी यातलं निम्मं लक्ष दिलं असतं तरी पुरलं असतं, असं मित्सुएच्या मनात आलं.

हात धुवायच्या नळापाशी तिला सकाळी नाडी बांधणाऱ्याच्या मागे उभी असलेली मुलगी भेटली. ओरिहारा. वय चोवीस, एप्रिलमध्ये नोकरीला लागलेली. छातीवर नावाची पट्टी व्यवस्थित लावलेली, आणि हातात मित्सुएनं सकाळी वाटलेलं नियमांचं पान. तिनं ते घडी करून जपून ठेवलं होतं. अकरा वर्षांत ते पान कुणी दुपारपर्यंत जपलेलं मित्सुएनं पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला सकाळी खरंच लागलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही," ओरिहारा लगेच म्हणाली, आणि लाल झाली. "सगळे उठले म्हणून मीपण उठले. एकटीच बसून राहिले असते तर कसं दिसलं असतं?"

"आणि गॉगल काढलेला दिसला होता?"

"हो."

"मग?"

"दोन सीनिअर जवळ होते. ते बोलले नाहीत तर मी कशी बोलणार? आणि बोलायचं तरी काय? 'साहेब, कृपया गॉगल खाली घेण्याची तसदी घ्याल का,' असं म्हणेपर्यंत..."

"एवढं लांबलचक नाही. 'गॉगल'. एकच शब्द आहे."

"पण साहेबांना एकच शब्द?" ओरिहारानं खरोखर घाबरून विचारलं.

मित्सुएला एकदम थकवा आला. "हे बघ पोरी, छर्ऱ्याला व्हिजिटिंग कार्ड वाचता येत नाही. तो विभागप्रमुख आहे की चपराशी, छर्रा विचारत नाही. मग ओरडणाऱ्यानं कशाला विचारायचं?"

"सोमवारी मला त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचंय," ओरिहारा म्हणाली.

  मित्सुएनं नळ बंद केला.

दीडला झेंड्याचा खेळ सुरू झाला. टेकाडावर लाल झेंडा, जो संघ काढेल तो जिंकला. वीस मिनिटांत कुसाकाबेंनी विरुद्ध संघ संपवला, म्हणजे विरुद्ध संघानं स्वतःला संपवलं. पंधरा जणांचा तो संघ हात वर करून एकामागून एक बाहेर जाळीपाशी जाऊन उभा राहिला. ओकुदाइरानं मोजले. "चौदा," तो वॉकीटॉकीवर म्हणाला. "एक प्रवासी अजून उतरलेला नाही."

मित्सुएनं टेकाडाकडे बघितलं. कुसाकाबे झेंड्यापासून दहा पावलांवर ताठ उभे होते. आता कुणी उरलं नाही अशी त्यांची पक्की खात्री होती. जाळीबाहेरून एकजण कॅमेरा रोखून "साहेब, इकडे! चेहरा दिसत नाहीये!" म्हणून ओरडत होता. कुसाकाबेंनी त्याच्याकडे वळून, हसून, दोन्ही हातांनी गॉगल वर सारला.

मित्सुए ऐंशी मीटर लांब होती. तिनं शिट्टी तोंडाला लावली आणि तिला तो दिसला: टेकाडाच्या डावीकडे, बांबूच्या पाचोळ्यात जमिनीला चिकटलेला एक हिरवा आकार, आणि त्यातून बाहेर आलेली नळी. पंधरावा प्रवासी. नळी कुसाकाबेंच्या दिशेला होती.

शिट्टीतून फूस्स आवाज आला. सकाळपासून फुंकून फुंकून आतला दाणा अडकला होता.

"गॉगल!"

आवाज मित्सुएचा नव्हता. पाचोळ्यातून आला, चिरका, अर्ध्यावर फाटलेला. मग ओरिहारा गुडघ्यांवर उठली, बंदूक जमिनीवर टेकवली आणि जीव खाऊन पुन्हा ओरडली, "गॉगल! साहेब, गॉगल!"

 कुसाकाबे ज्या बाजूनं आवाज आला त्या बाजूला बघत राहिले, उघड्या डोळ्यांनी.

मग जाळीपाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "गॉगल." मग आणखी कुणी जरा मोठ्यानं. नाडी बांधणारा ओरडला. 'लागलं असेल' म्हणणारी बाई ओरडली. बघता बघता सगळे ओरडत होते, गॉगल, गॉगल, आणि त्यात वर्षभराचं काहीतरी साठलेलं बाहेर पडत असावं, कारण कुसाकाबेंनी गॉगल खाली घेतल्यावरही दोघातिघांना थांबवेना. कॅमेरेवाला तर फोटो काढत काढतच ओरडत होता.

मित्सुए धापा टाकत टेकाडावर पोचली. "बाहेर," ती म्हणाली. "आजच्यापुरतं."

"मी या लोकांना घेऊन आलोय," कुसाकाबे म्हणाले. त्यांचा चेहरा गॉगलमागे पांढरा पडला होता.

"त्यांना बाहेर बसून बघा. मॅगझिन काढा. पेटीत रिकामा बार उडवा. मग खटका."

"तुमचे गॉगलच खराब आहेत. धुकं धरतात."

"पंख्याचा टेबलावर आहे," मित्सुए म्हणाली. एवढ्या वेळात तिचा आवाज एकदाही चढला नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

कुसाकाबेंनी पेटीत बार उडवला. नळीत एक छर्रा उरला होता. तो वाळूत रुतल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शेवटचा खेळ साहेबांशिवाय झाला. मित्सुएला वाटलं होतं, आता तरी हे लोक नियमानं खेळतील. पाच मिनिटांत तीन झोंबी निघाले. नाडी बांधणाऱ्याच्या पाठीवर ओळीनं चार छर्रे बसलेले तिनं स्वतः पाहिले आणि तो "वारा होता" म्हणत पळत सुटला. 'लागलं असेल' बाई दोनदा मरून तिसऱ्यांदा झेंड्याकडे धावत होती.

"ए, तुला लागलंय!" ओरिहारा तिच्यामागून ओरडत होती. "मी बघितलंय! पान काढून दाखवू का?"

"दाखव, दाखव! सोमवारी!"

मित्सुए त्यांना एकेक करून बाहेर काढत होती, तोंडाला फेस येईपर्यंत, आणि मनातून जरा बरंही वाटत होतं. हे नेहमीचे खोटारडे होते. यांच्याशी कसं वागायचं ते तिला माहीत होतं.

तिनं मचाणाकडे बघितलं आणि तिचे पाय थांबले.

शिओदांनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली होती. मांडीवर कागद पसरला होता. उन्हं कलायला लागली होती, शेतात शेंगांचे ढीग झाकायचे राहिले होते, आणि म्हाताऱ्याला आता उरकायचं होतं. त्यांनी खिशातून शिक्का काढला, शाईच्या डबीत दाबला, कागदावर जागा शोधली. अक्षरं लागेनात. तेव्हा त्यांनी भाड्याचा गॉगल काढून खुर्चीच्या हाताला अडकवला आणि वाचायचा चष्मा लावायला घेतला.

खाली खेळ चालू होता. मचाणाच्या फळ्यांवर छर्रे टपटपत होते.

शिक्का कागदापासून चार बोटांवर होता. फार तर दोन सेकंदांचं काम. तीन वर्षांचा करार.

"गॉगल!" मित्सुए ओरडली. "शिओदासान! गॉगल! सगळे थांबा!"

म्हातारा एवढा दचकला की शिक्का हातातून उडाला, फळ्यांच्या फटीतून घरंगळला आणि खालच्या पाचोळ्यात गडप झाला.

"अहो, मी शिक्का मारतोय!" शिओदा वरून ओरडले. "तुमच्याच कागदावर!"

"गॉगल घाला आधी!"

"वाचता येत नाही त्यातून!"

"मग खाली उतरा आणि बाहेर येऊन वाचा!"

"जमीन माझी आहे, बाई!"

"जाळीबाहेर," मित्सुए म्हणाली. "जाळीबाहेर सगळी तुमची. आत गॉगल."

 खाली तीस माणसं बंदुका जमिनीकडे करून उभी होती आणि या वेळी सगळ्यांच्या नजरा मित्सुएवर होत्या. मग म्हाताऱ्यानं चष्मा खिशात घातला, गॉगल डोळ्यांवर चढवला आणि पुटपुटत, एक एक पायरी चाचपत खाली उतरून बाहेर गेला.

शिक्का शोधायला सगळे लागले. मचाणाखालचा पाचोळा घोटाभर खोल होता आणि त्यात अकरा वर्षांचे अर्धवट विरलेले छर्रे आणि दिवसभराची टरफलं. ओकुदाइरानं "उजवीकडच्या प्रवाशांनी कृपया सावकाश पुढे सरकावं" म्हणत रांगा लावल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लोक रांगत होते, शिंकत होते, छर्रे मूठमूठ बाहेर टाकत होते.

जाळीच्या दारात कुसाकाबे येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांवर पंखेवाला गॉगल होता. बेडकासारखे दिसत होते खरे.

"आज मैदान बंद आहे तुम्हाला," मित्सुए म्हणाली.

"खेळायला नाही," ते म्हणाले. "माझी नजर चांगली आहे."

तिनं विचार केला, मग बाजूला सरकली. कुसाकाबे गुडघ्यांवर बसले आणि ओरिहाराच्या शेजारी पाचोळा उकरू लागले. गॉगलचा पंखा बारीक घरघर करत होता. कुणी त्यांच्याकडे बघून हसलं नाही, आणि कुणी त्यांना जागाही करून दिली नाही. पाच मिनिटांनी ते उठले. बोटांत काळा, लाल तोंडाचा शिक्का होता. त्यांनी तो रुमालानं स्वच्छ पुसला, बाहेर बाकावर बसलेल्या शिओदांपर्यंत गेले आणि कमरेत वाकून, व्हिजिटिंग कार्ड देतात तसा दोन्ही हातांनी पुढे धरला.

शिओदांनी एका हातानं घेतला. त्यांनी चष्मा लावला, कागद बाकावर पसरला आणि मित्सुएला विचारलं, "ओरडली ती पोरगी कोणती?"

"ती. पानवाली."

"कुणी शिकवलं तिला?"

"मी चार वेळा सांगितलं," मित्सुए म्हणाली. "तिनं पाचव्यांदा वाचलं."

शिओदांनी शिक्का शाईत दाबला आणि कागदावर टेकवला, वर अंगठा दाबून, श्वास धरून. मग कागद तिच्यासमोर सरकवला. "घ्या. आता मला शेंगा झाकायला जाऊ द्या."

मित्सुएनं कागद हातात घेतला. तीन वर्षं. तिनं तारीख बघितली, नाव बघितलं, लाल गोल बघितला. परत बघितला. शेजारी डबेवाले बंदुका पिशव्यांत भरत होते आणि एकानं चेन लावलेली नव्हती. तिचा एक डोळा तिकडे गेला.

"शिओदासान," ती म्हणाली.

"आता काय?"

"शिक्का उलटा आहे."

म्हाताऱ्यानं एक दीर्घ उसासा टाकला, शाईची डबी पुन्हा उघडली आणि शिक्का डोळ्यांजवळ नेऊन वरची बाजू शोधू लागला. "रोज असंच चालतं का तुमचं?"

"रविवारी जरा जास्त," मित्सुए म्हणाली, आणि मागे वळून ओरडली, "अहो, ती चेन लावा!"